कारण : थंडी

३ नोव्हेंबर

ताईस,
नमस्कार.

तीन महिने पत्र नाही म्हणून तू मला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असशील. त्या पोचल्या, असं समज. तुझ्याशी फोनवर बोलायची सोय नाही, आणि तुझे कान कशाने गेले ते मला माहीत असल्यामुळे तक्रारही करता येत नाही. लिहायला बसलो की मात्र मला नोंदवहीच्या भाषेपलीकडे काही सुचत नाही.

बढती मिळाली. मासळी गोठवायच्या या कारखान्यात आता मी कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर आहे. चार खोल्या, उणे अठरा तापमान, दर दोन तासांनी प्रत्येक खोलीची नोंद वहीत. मागच्या आठवड्यात एका हमालाने (बुटका आहे, पण तोंड मोठं) खोली तीनचं दार अर्धा तास उघडं टाकलं आणि वर मलाच सांगतो, "साहेब, बंदच होतं." त्याच्याच हातातला पेट्या ओढायचा हुक घेतला आणि त्याच्या खांद्यात घातला. सात टाके पडले. आता सगळे दार लावल्यावर दोनदा ढकलून बघतात.

मुद्दा वेगळा आहे. हिच्या अंगावर पित्त उठतं. लग्नाला आठ महिने झाले, पहिले सात काहीच नव्हतं. थंडी पडल्यापासून सकाळी नळाखाली हात धरले की मनगटापर्यंत लाल गांधी उठतात, खाज सुटते, बोटं सुजून अंगठी निघत नाही. परवा बाहेरून आली ती गाल आणि ओठ सुजवूनच. घरी शिवणकाम करते, शाळेच्या गणवेशांचं. बोटं सुजली की सुई धरवत नाही. इथल्या डॉक्टरने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि 'अ‍ॅलर्जी' म्हणून मोकळा झाला. शेजारचे लोक आधी हिच्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मला ते आवडत नाही.

तू सव्वीस वर्षं त्वचारोगाच्या विभागात सिस्टर आहेस. काय करायचं ते क्रमाने कळव. करून घ्यायचं काम माझं.

तुझा,
बारक्या


९ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याबरोबर एक सणसणीत धपाटा.

सात टाके घातलेस आणि ते बढतीच्या शेजारी लिहितोस? लाज आहे का काही? पुन्हा कुणाच्या अंगाला हुक लावलास तर तिथे येऊन तुझा कान धरीन. सहा फुटी झालास म्हणून माझा हात पोचणार नाही असं समजू नकोस, मी स्टुलावर चढेन. आपल्या घरात एकाने मारलं तेवढं पुष्कळ झालं. बाबांची ती थप्पड तुझ्यासाठी निघाली होती आणि वाटेत मी उभी होते. डावा कान तिने गेला, उजवा वयाने चाललाय. म्हणून तर तुझी ही शाईची कंजुषी सोसते आहे.

आता हिचं. तू लिहितोस त्यावरून ही थंडीचीच अ‍ॅलर्जी दिसते. काहींच्या कातडीला थंडी चालत नाही. गार पाणी, गार वारा, बर्फ लागला की तेवढ्याच जागी गांधी उठतात. खात्री करायची सोपी रीत आहे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचा तुकडा घालून तो हाताच्या आतल्या बाजूला पाच मिनिटं ठेवायचा, काढायचा, दहा मिनिटं थांबायचं. कातडी परत गरम होताना तिथे गांधी उठली तर निदान पक्कं. पण हे डॉक्टरसमोर करायचं. घरी मुळीच नाही.

उपचार म्हणशील तर रोज एक गोळी, खाज असो वा नसो. नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. एकीने भागलं नाही तर डॉक्टर वाढवून देतील. हात कोमट पाण्यात, बाहेर पडताना तोंडाभोवती रुमाल, बर्फाचं काही खायचं-प्यायचं नाही. आणि पेनासारखं इंजेक्शन मिळतं, ते डॉक्टरांकडून दोन लिहून घे. घसा आवळला, चक्कर आली, श्वास लागला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच दाबायचं, दहापर्यंत मोजायचं, आडवं करायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. आता पुढची ओळ दोनदा वाच, मी खाली रेघ मारली आहे. सगळं अंग एकदम गार पाण्यात गेलं तर अशी माणसं काही मिनिटांत दगावतात. नदी, तलाव, गार पाण्याची आंघोळ, काहीही नाही. तुला वाचायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. लहानपणी खाऊच्या पुडीचा कागद दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय तुला खाऊ गोड लागायचा नाही.

शेवटचं काम तुझ्या आवडीचं. वही कर. सूज दिसली की बॉलपेनने तिच्या कडेनं वर्तुळ काढायचं. तारीख, वेळ, जागा, कारण, आणि ती कधी गेली ते लिहायचं. कशासाठी ते विचारू नकोस, ते माझं मी बघते. महिन्याने उतरवून पाठव.

हिला सांग, नणंद कजाग असली तरी औषधं चांगली देते.

तुझी,
ताई


४ डिसेंबर

ताईस,
नमस्कार.

परीक्षा घेतली. डॉक्टरकडे नाही, घरीच. आमच्याकडे बर्फाला काय तोटा, आणि त्या डॉक्टरपेक्षा माझं घड्याळ बरोबर असतं. चौकोनी तुकडा, पातळ पिशवी, डावा हात, पाच मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला ती हात ओढायला लागली म्हणून मनगट टेबलावर दाबून धरावं लागलं. बर्फ काढला, दहा मिनिटं थांबलो. बर्फाच्या मापाची गांधी उठली, चारी कोपऱ्यांसकट. मला तर बरंच वाटलं. रोग आहे म्हणजे कारण आहे. शेजारच्यांनाही तो हात दाखवला.

गोळ्या चालू आहेत. इंजेक्शनं दोन आणली, दोन्ही डब्या कपाटात वरच्या फळीवर आहेत.

बुटक्या हमालाने पुन्हा दार उघडं टाकलं. तू सांगितलंस म्हणून हुकाला हात लावला नाही. त्याला खोली तीनमध्ये घातलं आणि बाहेरून कडी लावली. आतून दार बडवत होता, मग बडवायचा थांबला. बाहेर काढला तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या, ओठ हलत नव्हते. तशी नोंदही केली : दार बंद, दु. २.०० ते २.२०. मी खोटी नोंद आयुष्यात केलेली नाही. खोटी नोंद करणाऱ्या दोघांना कानफटात मारून घरी पाठवलं आहे. वही चुकली की माल सडतो, एवढं मला कळतं.

तुझी वही तशीच आखली आहे, कारखान्यातल्यासारखी. उतारा :

१८ नोव्हें., स. ७.१०. दोन्ही हात, मनगटापर्यंत. कारण : नळाचं पाणी. गेली : दोन तासांत.

२१ नोव्हें., सं. ६.४०. डावा गाल, चार लांबट पट्टे. कारण : थंडी (खिडकी उघडी टाकली होती). गेली : नऊ दिवसांनी. आधी लाल, मग निळी, मग हिरवट.

२३ नोव्हें., दु. १२.३०. ओठ. कारण : गार पाणी प्यायली. गेली : दीड तासात.

२६ नोव्हें., दु. १.२०. उजवा दंड, मागून. कारण : थंडी. गेली : अजून नाही. निळसर.

१ डिसें., सं. ७.०५. पाठ, कमरेच्या वर, वीतभर. कारण : थंडी (उलट बोलली, म्हणून बाहेर उभी केली होती). गेली : अजून नाही. काळसर.

वर्तुळं ती स्वतः काढते. पाठीवरचं मी काढलं. काही सूज तासात जाते आणि काही आठवडाभर राहते, म्हणजे गोळी कमी पडते आहे का?

तुझा,
बारक्या


९ डिसेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

वही मिळाली. इतकी नीटनेटकी वही आमच्या विभागात डॉक्टरांचीही नसते. तुझं बरोबर आहे, गोळी कमी पडते आहे. सोबत दुसऱ्या गोळ्यांची पेटी पाठवते. रोज दोन.

काही तपासण्या इथेच कराव्या लागतील. पुढच्या शुक्रवारी, अठरा तारखेला, हिला सकाळच्या गाडीत बसवून दे. तू रजा काढू नकोस, बायकांच्या वॉर्डात तुला कुणी उभं करणार नाही. दहा दिवस ठेवून घेतील, मग परत पाठवते.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


(गोळ्यांच्या पेटीत, माहितीच्या घडी केलेल्या कागदाच्या आत)

९ डिसेंबर

अगं मुली,

हा कागद तूच उघडशील या भरवशावर लिहिते आहे. वाचून फाडून टाक.

थंडीची सूज तास-दोन तासांत जाते, फार तर एका दिवसात, आणि जाताना डाग ठेवत नाही. नऊ दिवस राहून हिरवी पडते ती सूज थंडीची नसते. वर्तुळ काढून वेळ लिहायची ती हे ओळखायलाच. डाव्या गालावर चार पट्टे म्हणजे उजव्या हाताची चार बोटं, हे कळायला मला सव्वीस वर्षांची नोकरी लागत नाही. माझ्या गालावर ती होती. त्याचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. हुकाची गोष्ट त्याने हसत लिहिली, मीही हसत रागावले. तो माझा आहे म्हणून मला दिसलं नाही. तुझी माफी मागते.

त्याचा हात आमच्या बाबांचा आहे. मी त्याला त्या हाताखालून ओढून वाढवला, आणि तोच हात त्याला फुटला. हे लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण ते खरं आहे.

इंजेक्शन कपाटात ठेवू नकोस, अंगावर ठेव. तुला थंडीचा रोग खरोखर आहे आणि त्याला तो आता पुरता माहीत आहे. तो मीच त्याला शिकवला. शुक्रवारच्या गाडीत बस. परत जायचं की नाही ते इथे माझ्यासमोर बसून ठरव.

ताई


१७ डिसेंबर

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली.

गोळ्यांच्या पेटीतला कागद मी वाचतो. औषध घरात येतं तेव्हा त्यावर काय लिहिलंय ते वाचायला नको? तूच म्हणायचीस ना, दोन्ही बाजू. वाचल्या. मग हिला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवल्या, दोन वेळा.

बाबांचा हात म्हणालीस. मी बारा वर्षं नोकरी करतो, दारूच्या थेंबाला शिवलो नाही, घरात धान्य कमी पडू दिलं नाही. बाबा दिसेल त्याला मारायचे. मी कारण असल्याशिवाय हात उचलत नाही, आणि प्रत्येक कारण वहीत आहे. तू वाचलीस ना ती? तुला त्यात बाबा दिसले? मी पलंगाखाली होतो तेव्हा तुझ्या कानातून आलेलं रक्त फरशीवरून माझ्यापर्यंत आलं होतं. ते मी माझ्या सदऱ्याने पुसलं. आणि तू एका परक्या मुलीला लिहितेस की मी तो आहे.

ती उद्या कुठेही जाणार नाही. तपासणीच करायची तर इथे होईल. तू रेघ मारलेली ओळ मला पाठ आहे. रविवारी कारखाना बंद असतो. मासळी गार करायची टाकी भरलेली असते, बर्फाचं पाणी, दोन अंश. गळ्यापर्यंत, दोन मिनिटं, घड्याळ लावून. थंडीचं काय आणि माझं काय, ते एकदाचं कळेल.

निकाल कळवतो.

बारक्या


२२ डिसेंबर

ताई,

आधी ही ओळ वाचा. मी जिवंत आहे.

त्यांचं सतरा तारखेचं पत्र तुम्हाला आत्ता कुठे मिळालं असेल. त्यात लिहिलंय तसंच झालं. मी डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका. सोमवारी तुमचा कागद वाचून झाल्यावर त्यांनी माझा उजवा हात मशीनखाली धरला आणि चाक फिरवलं. सुई नखातून आरपार गेली आणि आतच मोडली. मी ओरडले तर म्हणाले, "ओरड, पण खरं सांग. तिला आधी तू लिहिलंस की नाही?" मी लिहिलं नव्हतं. ते सांगूनही चाक तीनदा फिरलं.

त्यांनी इंजेक्शनच्या डब्या मोजल्या. दोन भरल्या, तेव्हा शांत झाले. एका डबीत मी दोऱ्याची रिळं भरून ठेवली होती. त्यातलं इंजेक्शन महिनाभर माझ्या परकराच्या नेफ्यात होतं, आतून खिसा शिवून घेतला होता. तुमचं पहिलं पत्र मीही वाचलं होतं ना. 'अंगावर ठेव' हे तुम्ही लिहायच्या आधीच मी ठेवलं होतं. बाईला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

रविवारी सकाळी दहाला केसांना धरून टाकीपाशी नेलं. वही बरोबर घेतली होती. ती मासळीच्या पेटीवर उघडी ठेवली, शेजारी घड्याळ. मला टाकीत ढकललं आणि मान धरून हनुवटीपर्यंत दाबलं. ताई, आधी अंगभर सुया लागल्या. मग आग झाली. माझेच हात मला दिसत होते, ते फुगत फुगत पावासारखे झाले. मग घशाला कुणी सुतळी आवळल्यासारखं झालं आणि कानात शिट्टी वाजायला लागली. ते मोजत होते. मी त्यांच्या मनगटाला चावले, तोंडात रक्त आलं, पण त्यांनी सोडलं नाही. नव्वद, एक्क्याण्णव, असं म्हणत राहिले.

तो बुटका हमाल त्या दिवशी नळ्या साफ करायला आला होता. तुम्हाला तो ठाऊक असेल, त्यांच्या पत्रातून. त्याने हाक मारली नाही, काही विचारलं नाही. हुक उचलला आणि त्यांच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला पाण्यात ऐकू आला. दुसरा घाव गुडघ्यावर. मग मला बाहेर ओढली. मला बोलता येत नव्हतं, मी नेफा दाखवला. त्याने दाताने टाका उसवला, इंजेक्शन काढलं आणि त्यावरचं चित्र बघून परकरावरूनच मांडीत दाबलं. दहापर्यंत मोठ्याने मोजलं. मासळीच्या ढकलगाडीवर घालून मला रस्त्यापर्यंत पळत आणलं. दवाखान्यात आणखी एक इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं गेली असती तर काही राहिलं नसतं.

ते याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर आहेत, हाताला प्लास्टर, दाराशी शिपाई. आयाकरवी निरोप आला, "पाय घसरून पडलीस असं सांग. घरी नेईन, पुन्हा होणार नाही." हमालाला मात्र पोलिसांनी धरून ठेवलं आहे. मी पाय घसरला म्हटलं तर त्याने विनाकारण साहेबाचा हात मोडला असं होईल, आणि तो जाईल आत.

माझा जबाब परवा आहे. मला काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत. माझ्या तोंडून तुमचा भाऊ जाणार, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मला बोलवत नाही. तुम्ही 'सांगू नको' म्हणालात तर मी काय करीन ते मला माहीत नाही. तेवढं म्हणू नका.

हे पत्र इथली परिचारिका आजच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे, म्हणजे उद्या मिळेल.

तुमची,
भावजय


२ फेब्रुवारी

बारक्या,

'चि.' लिहायला हात गेला होता, मागे घेतला.

तुला तुरुंगात पत्र देतात असं कळलं म्हणून लिहिते आहे. तू दवाखान्यात होतास तेव्हा मी तुझ्या खोलीच्या दारावरून दोनदा गेले, आत आले नाही, हे तुला शिपायाने सांगितलं असेल. आले असते तर आधी तुझं तोंड फोडलं असतं आणि मग तुझ्या केसांवरून हात फिरवला असता. दोन्ही नको होतं.

तिच्या शेजारी बसले आणि तिला एवढंच सांगितलं, "जे झालं ते सांग, मी इथून उठत नाही." तिने सगळं सांगितलं. मग जबाब घेणाऱ्या पोलीस जमादाराने माझ्यापुढे वही ठेवली. टाकीजवळच्या पेटीवर सापडली होती, बर्फाच्या पाण्याने पानं फुगलेली, पण तुझं अक्षर तसंच सुवाच्य. शेवटची नोंद तूच टाकी भरलेली बघून आधी लिहून ठेवली होतीस : २० डिसें., स. १०.१५. सर्वांग. कारण : टाकी, २ अंश. गेली : ... पुढे रिकामं. माझ्याकडची तुझी पत्रंही मीच नेऊन दिली. "हे अक्षर कुणाचं?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाचं. मीच त्याला शिकवलं, पाटीवर, एक एक अक्षर. आणि सही केली. तुझा वकील म्हणतो, ती वही नसती तर तू सुटला असतास. तुला खोटी नोंद करता येत नाही, बारक्या. आपल्या घरातली खोटी नोंद माझी होती.

तुला आठवतं का ते मला माहीत नाही. मी पंधराची, तू सातचा. दवाखान्यात माझ्या कानात कापूस घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? दारात बाबा उभे होते. मी म्हटलं, जिन्यावरून पडले. आपल्या घराला जिना नव्हता. डॉक्टरांनी तुला विचारलं, तर तूही म्हणालास, "ताई जिन्यावरून पडली." वाटेत मी तुला तसं पढवून आणलं होतं. घरी येताना मी तुला शाबास म्हटलं आणि खाऊची पुडी घेऊन दिली. मारणाऱ्याचं नाव झाकलं की खाऊ मिळतो, हे तू तिथे शिकलास, माझ्याकडून. बाबांचा हात तुला कुणी दिला ते मी रोज स्वतःला विचारते, आणि रोज त्या पुडीपाशी येऊन थांबते.

म्हणून या वेळी खरं लिहिलं. तू माझा आहेस म्हणून लिहिलं, नाहीस म्हणून नव्हे. हमाल सुटला. त्याच्या खांद्यावरचे तुझे सात टाके मी स्वतः तपासले, एक नीट भरला नव्हता, तो साफ करून दिला. जाताना म्हणाला, "बाई, खोलीत आतून दार बडवताना मी देवाला नाही, माणसाला हाक मारत होतो. कुणी आलं नाही. म्हणून मी गेलो."

ती माझ्याकडे असते. दोन गोळ्यांनी भागत नव्हतं, डॉक्टरांनी चार केल्या, आता बरीच ताब्यात आहे. नख परत येतंय, वाकडं, पण येतंय. मशीन पायाचं घेतलं आहे, त्याला हाताने फिरवायचं चाक नाही असं नाही, पण त्या चाकाला ती हात लावत नाही. पहिले पंधरा दिवस मी दार जोरात लावलं की भिंतीला पाठ लावायची. मला स्वतःला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे माझी दारं नेहमीच जोरात लागतात. आता मी दाराच्या चौकटीत चिंधी कोंबली आहे.

मला तुझी आठवण येते. येऊ नये असं वाटतं, तरी येते. सात वर्षांचा येतोस, रक्ताने भिजलेला सदरा हातात घेऊन. त्याला मी जवळ घेते. तुला नाही घेता येत.

नवी वही तीच ठेवते, स्वतःच्या हाताने. तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून कालची नोंद खाली उतरवून देते.

ताई

१ फेब्रु., स. ८.२०. डावा हात, दोन बोटं. कारण : नळाचं पाणी, गरम करायला विसरले. गेली : चाळीस मिनिटांत. डाग नाही.